मुंबईत घर बदलताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : जूनमध्ये आम्ही नाशिकहून मुंबईला येतोय. माझं ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), पत्नीचं ऐरोलीत. मुलगी चार वर्षांची. भाड्याला ३५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. एजंटने घोडबंदर रोडला मोठा टू बीएचके, डोंबिवलीत त्याहून स्वस्त टू बीएचके आणि मुलुंड पूर्वेला छोटा वन बीएचके दाखवलाय. बोरिवलीचे नातेवाईक तिकडे बोलावतात. कुठे जावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बोरिवली आधी बाजूला काढा. तुम्हाला तिथून बीकेसी जमेल, पण पत्नीला लोकल आणि मेट्रोने ऐरोली गाठायची तर अंधेरी, घाटकोपर आणि ठाणे अशा तीन ठिकाणी गाडी बदलावी लागेल. रोज दोन्ही वेळा हे झेपणारं नाही. मुंबईत किलोमीटर मोजण्यापेक्षा गाड्या किती बदलायच्या ते मोजा. प्रत्येक बदलाला पूल, जिना, गर्दी आणि पुढच्या गाडीची वाट धरून दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

ऐरोली ठाणे-वाशी लाइनवर येते. ठाण्याहून सुटल्यावर दिघा गाव आणि मग ऐरोली, म्हणजे दुसरंच स्टेशन. शिवाय गाडी ठाण्यातच सुरू होत असल्याने बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. तुम्हाला बीकेसीला दोन रस्ते. एक, ठाण्याहून लोकलने कुर्ला आणि पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस. दुसरा, घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने बीकेसी. पहिला रस्ता सरळ आणि स्वस्त, पण सकाळी नऊनंतर रिक्षाची रांग लांबते आणि पावसात कुर्ल्याचा भरवसा धरता येत नाही. दुसऱ्यात एक बदल जास्त, पण वेळ बऱ्यापैकी ठरलेला. दोन्ही माहीत असू द्या. जुलैत त्याचा उपयोग होईल.

आता तीन घरांकडे वळू. घोडबंदर रोडच्या जाहिरातीत ‘ठाणे’ असं लिहिलेलं असतं, पण कासारवडवली स्टेशनपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि तो रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबलेला असतो. मेट्रो ४ येणार म्हणून आज जास्त भाडं देऊ नका. तुमच्या स्टेशनपासून तुम्हाला हवं तिथपर्यंत गाडी रोज धावू लागेल तेव्हाच ती हिशोबात धरा.

डोंबिवलीचं भाडं मोहात पाडतं. पण कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या फास्ट गाड्या तिथे येतात त्या भरूनच. डोंबिवलीतून सुटणारी लोकल पकडणार असाल तर तिच्या वेळेला बांधलेले राहाल. समजा, मुलुंडपेक्षा तिथे आठ हजार वाचले आणि जाता-येता प्रत्येकी अर्धा तास वाढला. महिन्याचे २४ दिवस धरले तर एका माणसाचे २४ तास, म्हणजे पूर्ण एक दिवस-रात्र प्रवासात जास्त गेली. दोघांचे दोन दिवस. स्टेशनला शेअर रिक्षा लागत असेल तर माणशी एका फेरीला २५ रुपये धरा, दोघांचे महिन्याला २,४०० होतात. पाळणाघर संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवायचं तर त्याचे पैसे वेगळे. आठ हजारांतले किती उरले, ते स्वतः मांडून बघा.

आमचा कल मुलुंड पूर्वेकडे आहे, घर स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या चालीत असेल तर. पत्नीला एक स्टेशन मागे ठाण्याला जाऊन गाडी बदलता येईल किंवा ऐरोली पुलावरून रस्त्यानेही जाता येईल. पण त्याआधी ठाणे पूर्वेला कोपरीत एक चक्कर मारा. ऐरोलीकडच्या गाड्यांचे प्लॅटफॉर्म स्टेशनच्या पूर्व अंगाला आहेत. तिथे जुन्या इमारतीतला वन बीएचके तुमच्या रकमेत बसला तर दोघांचाही प्रवास सुटसुटीत होतो. तीन माणसांना वन बीएचके अडचणीचा वाटेल हे खरं, पण चार वर्षांच्या मुलीला आई साडेसहाला घरी दिसणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. पाळणाघर घराजवळच शोधा. ऑफिसजवळ ठेवलंत तर मुलीला रोज गर्दीतून न्यावं लागेल.

टोकन देण्याआधी एक काम कराच. मंगळवारी किंवा बुधवारी, ऐन गर्दीच्या वेळी, घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दोघांनी आपापला प्रवास करून बघा आणि संध्याकाळी परतूनही या. रविवारी घर बघून ‘वीस मिनिटांत पोचलो’ म्हणणारे सोमवारी फसतात.

प्रश्न : अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये नोकरी लागली आहे, पाळी संध्याकाळी ५ ते रात्री २. राहण्यासाठी १२ हजार काढू शकतो. मित्र मीरा रोडला त्याच्याबरोबर राहा म्हणतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : कंपनीची गाडी दारापर्यंत सोडत असेल तरच मीरा रोड. गाडी कुठल्या हद्दीपर्यंत सोडते हे एचआरकडून लेखी घ्या. नसेल तर रात्री दोनला मेट्रो बंद, शेवटची लोकल गेलेली आणि पहिली यायला चार वाजतात. मरोळ, चकाला, कोंडिविटा, साकीनाका किंवा जोगेश्वरी पूर्व, एवढ्यातच बघा. रिक्षाचं मीटर २६ रुपयांपासून सुरू होतं, दीड किलोमीटरनंतर किलोमीटरला १७.१४ आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. चार किलोमीटरला सुमारे ८६ रुपये, २४ दिवसांचे दोन हजारांच्या वर. तेवढे भाड्यातून आधीच वजा करा.

कॉट बेसिसवर, म्हणजे इतरांबरोबरच्या खोलीत फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहणार असाल तर एका संडासामागे किती माणसं आहेत आणि पाणी किती वाजता येतं, हे दोन प्रश्न विचारा. तुमची झोप पहाटे चारनंतरची. साडेपाचला पाणी भरायला उठवणारी खोली तुम्हाला महिनाभरही झेपणार नाही.

प्रश्न : मे महिन्यात घरं बघतोय. पावसाळ्यात काय होईल ते आत्ता कसं कळावं?
— एक वाचक, दादर

उत्तर : मालक घर दाखवण्याआधी नवा रंग लावून घेतात, म्हणून भिंतीकडे नुसतं बघू नका, हात लावा. नैऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर आपटतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत, कपाटामागे आणि छताच्या कडेला रंग फुगलेला किंवा पापुद्रे सुटलेले असतील तर ती ओल आहे. वरचा मजला असेल तर गच्चीवर जाऊन वॉटरप्रूफिंग कधी झालं ते सेक्रेटरींना विचारा. बाथरूमखालची गळती ओळखायला खालच्या मजल्यावरच्या घराचं छत बघावं लागतं. संकोच न करता दार वाजवा.

तळमजला घेताना मीटरची पेटी किती उंचीवर लावली आहे ते पाहा. ती वर सरकवली असेल तर पाणी शिरलेलं असतं. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण गल्लीगल्लीचं वॉचमन आणि कोपऱ्यावरचा वाणीच सांगतो. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला की सखल भागातलं पाणी समुद्रात उतरत नाही. अशा दिवशी रस्त्यावर किती पाणी होतं, असंच विचारा.

आणि मे महिना पाण्यासाठी परीक्षेचा असतो. पाणी सुटायच्या वेळी जाऊन नळ उघडा. सोसायटीला टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे, हे बिल बघूनच खात्री करा.

प्रश्न : अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नाही, असं मालक म्हणतात.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : गरज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे मालकांना सांगून बघा.

खर्चही फार नाही. ३५ हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर मुद्रांक शुल्क साधारण हजार रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी हजार. ऑनलाइन करणाऱ्या एजंटची फी वेगळी. करारात तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या : लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची आणि चावी दिल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर त्याची रक्कमही तिथेच लिहा. चावी घेताना घराचे फोटो तारखेसह मालकांना पाठवून ठेवा.