प्लेटिंगच्या छोट्या युनिटमध्ये सांडपाणी आणि स्लज (गाळ) मुळातच कमी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय नाशिकच्या अंबडला निकेल प्लेटिंगचं युनिट आहे आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचा) खर्च झेपत नाही, तर आधी ईटीपीकडे नको, बाथपाशी, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीपाशी, जाऊन उभे राहा. मी सातपूरला ८ वर्षं हेच काम केलंय. जॉब (प्लेटिंगचा भाग) बाथमधून वर काढला की पोरं घाईत लगेच रिन्समध्ये (धुवायच्या पाण्यात) बुडवतात, म्हणजे तुमचं महागडं निकेल थेंबाथेंबानं गटाराच्या वाटेला लागतं आणि मग तेच परत काढायला केमिकलवर पैसे घालवायचे, हा काय धंदा झाला! बाथच्या वर एक दांडी लावा, जिग (जॉब अडकवायची चौकट) १० सेकंद तरी तिथं टांगून निथळू द्या, आणि जिगला जॉब थोडा तिरका लावा म्हणजे खाचेत पाणी साचत नाही.

पुढची टाकी साध्या स्थिर पाण्याची ठेवा, नळ चालू नको. निकेल बाथ ५५-६० डिग्रीला चालतो, वाफ होऊन पातळी उतरते, तेव्हा वरून या स्थिर टाकीतलंच पाणी टाकायचं, म्हणजे धुऊन गेलेलं निकेल परत बाथमध्ये येतं. या टाकीत डीएम पाणी (क्षार काढलेलं) वापरा मात्र, नाहीतर क्षार वाढून बाथची वाट लागते, आणि अधूनमधून बाथ कार्बन फिल्टरमधून फिरवा.

त्यानंतर दोन रिन्स टाक्या उलट्या प्रवाहाच्या, ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथून मागच्या टाकीत. एकाच टाकीच्या मानानं पाणी ९० टक्क्यांपर्यंत कमी लागू शकतं.

क्रोम पण करत असाल तर डेकोरेटिव्ह (शोभेच्या) कामाला ट्रायव्हॅलंट क्रोम बघा, ते नेहमीच्या हेक्साव्हॅलंटपेक्षा कमी विषारी, रंगात किंचित फरक पडतो, गिऱ्हाईकाला आधी सॅम्पल दाखवा. ईटीपी तरीही लागेलच, पण लहान पुरेल.