वाचक विचारतात : रुमाल, गूळ आणि भुसा

प्रश्न : उल्हासनगरात फर्निचरच्या कारखान्यात एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळ्या) कापतो. रात्री नाक शिंकरलं की तपकिरी भुसा निघतो, डोळे चुरचुरतात. शेठ म्हणतात, ‘रुमाल बांध, गूळ खा.’ तेवढ्याने भागेल?

उत्तर : नाही हो भाऊ. गूळ चहात घाला! लाकडाची धूळ १९९५ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवली. मुख्य धोका नाकाला. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते, किमान एन-९५ मास्क लावा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं आजच बंद करा. चुरचुर बहुधा एमडीएफच्या गोंदातल्या फॉर्मल्डिहाइडची. तो वायू एन-९५ने अडत नाही. करवतीलाच धूळ ओढणारं यंत्र आणि एक्झॉस्ट हवा. तो खर्च शेठचा. एकच नाकपुडी सतत चोंदत असेल किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, आणि काम काय करता तेही सांगा.