वाचकांचे प्रश्न : फॉगर चालू असूनही पक्षी का दगावले?

प्रश्न : माझी कोंबड्यांची पत्र्याची शेड 100 फूट लांब, 25 फूट रुंद आणि दक्षिणोत्तर आहे. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला तेव्हा झळा आत येऊ नयेत म्हणून मी चारही बाजूंचे पडदे सोडले आणि आत पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगर सुरू ठेवले. तरीही विक्रीला आलेल्या 2500 पक्ष्यांपैकी 90 पक्षी दोन दिवसांत, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान मेले. पाणी मारूनही असे का झाले?
– एक कुक्कुटपालक, तालुका मोहोळ

उत्तर : आपण पाणी मारले, पण हवेची वाट बंद केली. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असते आणि ते वाढू नये म्हणून ती चोच उघडून धापा टाकते. श्वसनमार्गातील ओलाव्याची वाफ होताना उष्णता बाहेर पडते, पण भोवतालची हवा कोरडी असेल तरच. फॉगरचा गारवाही याच बाष्पीभवनाचा असतो. सोलापूरकडची एप्रिल-मेची दुपार कोरडी असल्याने फॉगर येथे कोकणापेक्षा कितीतरी चांगले चालतात. मात्र पडदे बंद असले की फॉगरची, श्वासाची आणि लिटरची (जमिनीवर अंथरलेल्या तुसाची) ओल आतच कोंडते आणि थोड्याच वेळात फॉगर व धापा दोन्ही निरुपयोगी ठरतात.

म्हणून ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या जाळीला गोणपाट लावून ते ओले ठेवावे आणि समोरची बाजू पूर्ण मोकळी सोडावी. फॉगर सलग न चालवता दोन-तीन मिनिटे चालवून थांबवावेत. तूस ओले होऊ लागले तर पाणी जास्त होत आहे असे समजावे. पंखे अवश्य लावावेत, परंतु हवाच पक्ष्याच्या अंगाइतकी तापलेली असताना केवळ पंख्याने गारवा मिळत नाही, तेव्हा ओलावा आणि वारा एकत्रच हवा.

एका पक्ष्याला एक चौरस फूट हा हिशेब थंडीत चालतो. उन्हाळ्यात आपल्या शेडमध्ये 2000 ते 2200 पक्षीच ठेवावेत, कारण दोन किलोचा पक्षी ही स्वतःच एक छोटी शेगडी असते. पचनानेही अंगात उष्णता वाढते, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खाद्य काढून घ्यावे आणि ते ऊन उतरल्यावर द्यावे. एरवी पक्षी खाद्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो, कडक उन्हात ते प्रमाण चौपटीपर्यंत जाते. मात्र टाकी उन्हात असेल तर तापलेले पाणी तो पीत नाही, म्हणून टाकीवर सावली करून तिला ओले गोणपाट गुंडाळावे.

दक्षिणोत्तर शेडची लांब बाजू दुपारभर पश्चिमेचे ऊन झेलते. ती आता फिरवता येणार नाही, पण पश्चिमेला छपराची पडवी तीन-चार फूट पुढे काढता येईल, किंवा भिंतीपासून थोड्या अंतरावर शेडनेट बांधता येईल. पत्र्यावर चुना मारावा, किंवा उसाचे पाचट पसरून त्यावर पाणी शिंपडावे. कडबा मात्र वापरू नये, तो जनावरांच्या दावणीलाच शोभतो. पाचटाजवळून विजेची वायर जाऊ देऊ नये. पुढची शेड बांधाल तेव्हा ती पूर्व-पश्चिम बांधा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पिल्ले आणली की रात्री शेड पूर्ण बंद ठेवतो. आठवड्यानंतर ती शिंकतात आणि त्यांचे डोळे पाणावतात. थंडी लागते का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : बहुधा थंडी नव्हे, लिटरमधून सुटणारा अमोनिया. पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश ऊब ठेवून दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी. पिल्ले एकावर एक गोळा होऊन चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे, कडेला सरकली असतील तर जास्त. पडदे खालून बंदच ठेवावेत, पण वर फूटभर फट रात्रीही उघडी असावी. अमोनियाचा अंदाज उभे राहून येत नाही. पिल्लांच्या उंचीला उकिडवे बसून दोन-तीन मिनिटे थांबा, डोळे चुरचुरले तर फट वाढवा आणि ओले तूस त्याच दिवशी बाहेर काढा.