रायबोसोम स्वतःच एमआरएनए उघडतो म्हणतात, मग आरएनए हेलिकेज कायले पाहिजे?

म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पुस्तकात एका पानावर लिहिलंय रायबोसोममध्येच (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र) आरएनएच्या घड्या उलगडायची ताकद असते, दुसऱ्या पानावर लिहिलंय ईआयएफ४ए नावाच्या हेलिकेजशिवाय (घड्या उलगडणारं प्रोटीन) प्रोटीन बनायला सुरुवातच होत नाही, तर दोन्ही खरं कसं? आणि वरून तुमचे सर म्हणतात दर बेस पेअरमागे (आरएनएच्या दोन अक्षरांची जोडी) एक एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होतो, ते बरोबर का.

मी नागपूरला बीएस्सी-एमएस्सीच्या पोरापोरींना मॉलिक्युलर बायोलॉजी शिकवते, दरवर्षी कोणी ना कोणी इथेच अडकतं. दोष पोरांचा नाही, आकृतीचा आहे. पुस्तकात एमआरएनए (प्रोटीनची कृती रायबोसोमपर्यंत नेणारा आरएनए) म्हणजे पट्टीने आखलेली सरळ रेघ असते, आता सरळ रेघेत उलगडायचं काय बाप्पा?

खरा एमआरएनए एकेरी असला तरी गप बसत नाही, त्याची अक्षरं जी, सी, ए आणि यू, जी ला सी दिसला की चिकटला, ए ला यू दिसला की चिकटला, स्वतःच स्वतःवर वळून हेअरपिन करून बसतो. हे मला पुस्तकातून नाही, डेझर्टेशनच्या वेळी कळलं. आरएनएपासून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करायच्या आधी नळी ६५ डिग्रीला ५ मिनिटं ठेवायची आणि लगेच बर्फात घालायची, हे प्रोटोकॉलमध्ये असतंच. मे महिना, बाहेर ४५ च्या वर, लाइट गेलेली, हीट ब्लॉक बंद, बर्फाचं पाणी झालेलं. मी म्हटलं एक दिवस नाही तापवलं तर काय होते. जीसी जास्त असलेल्या जीनचा बँडच (जेलवर दिसणारी रेघ) आला नाही, बाकीचे आले. घड्या मोडल्या नव्हत्या, प्रत बनवणारं एन्झाइम मधेच अडकलं असणार. आता पेशीचा विचार करा, तिला ६५ डिग्रीला तापवून घ्यायची सोय नाही, ३७ वरच सगळं उरकायचंय. म्हणून उष्णतेचं काम एटीपी खर्चून हेलिकेज करतात.

आता तुमचा मुख्य मुद्दा. रायबोसोमची ताकद खरी आहे, २००५ मध्ये हॅरी नोलरच्या लॅबने बॅक्टेरियाच्या रायबोसोमवर ते दाखवलं, एमआरएनए आत शिरतो त्या बोगद्याच्या तोंडाशी एस३ आणि एस४ ही प्रोटीनं बसलेली असतात, घडी तिथेच सुटते. पण हा चालू गाडीचा किस्सा आहे. रायबोसोमचे दोन्ही भाग जुळलेत, कोडॉनमागून कोडॉन (तीन-तीन अक्षरं) वाचणं सुरू आहे, तेव्हाचा. आपल्या पेशीत सुरुवात होते तेव्हा फक्त छोटा ४०एस भाग येतो, तोही एमआरएनएच्या टोपीजवळ (सुरुवातीच्या टोकावरची खास रचना) कुठे बसायला जागा आहे का पाहत, आणि मग तिथून एयूजी (वाचन सुरू करायची खूण) सापडेपर्यंत सरकत जातो. टोपीपासून एयूजीपर्यंतचा हा जो पाच-प्राइम यूटीआर आहे ना, सगळी भानगड तिथे आहे.

मर्लिन कोझाक बाईंनी १९८६ मध्ये ह्याच तुकड्यात मुद्दाम हेअरपिन घातल्या. साधारण −३० किलोकॅलरीची हेअरपिन (उणे आकडा जितका मोठा तितकी घडी घट्ट) ४०एसने पार केली, −५० च्या हेअरपिनपाशी मात्र काम ठप्प. पण १९८९ मध्ये त्यांनीच ती −३० ची हेअरपिन टोपीपासून फक्त १२ न्यूक्लिओटाइडवर (म्हणजे १२ अक्षरांवर) ठेवली, तर तीही नडली, कारण ४०एसला पाय ठेवायलाच जागा राहिली नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. घडी किती घट्ट एवढंच पुरत नाही, ती दारात आहे की अंगणात हेही पाहावं लागतं.

दारात बसलेली घडी काढतो ईआयएफ४ए. टोपी पकडणारा ईआयएफ४ई आणि दोघांना बांधून ठेवणारा ईआयएफ४जी, ह्यांच्यासोबत तो असतो. कसा काढतो? इथे लोक डीएनएचं हेलिकेज डोळ्यासमोर आणतात, चेन उघडत सरसर पुढे जाणारं. तसं नाही. संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजाचा गुंता कधी सोडवलाय? (साधा सुती मांजा म्हणते मी, नायलॉनचा घेऊच नका.) एक टोक धरून ओढलं की गाठ आणखी आवळते. आपण काय करतो, चिमटीत एक फास पकडतो, जरा वाकवतो, शेजारचा धागा सुटला की चिमूट सोडतो, मग दुसरीकडे. ईआयएफ४ए ची रचना अक्षरशः अशीच, अंगठा आणि बोटासारखे दोन गोळे, एटीपी आणि आरएनए दोन्ही आले की ते मिटतात, एका धाग्याला बाक येतो आणि जोडीदार सुटून जातो. मग एटीपी तुटतो तो कायले? चिमूट सोडायला! ह्या घराण्याला डेड-बॉक्स म्हणतात, मरण्याशी काही संबंध नाही, डी-ई-ए-डी ही चार अमिनो आम्लांची अक्षरं, १९८९ मध्ये पडलेलं नाव.

एकटा ईआयएफ४ए तसा कमजोरच गडी आहे, ४जी आणि ४बी नावाचा मदतनीस सोबत असले की अंगात येतं. जास्त घट्ट घड्यांसाठी यीस्टमध्ये डेड१ हे हेलिकेज आणि माणसात त्याचा भाऊ डीडीएक्स३एक्स, शिवाय डीएचएक्स२९. डीडीएक्स३एक्सचा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, तो बिघडला तर बौद्धिक वाढ अडखळते, आणि असे पेशंट बहुतेक मुली असतात.

आणि सगळ्या एमआरएनएला हेलिकेज सारखंच लागत नाही. ॲक्टिनसारख्याचा पाच-प्राइम यूटीआर आखूड, त्याचं थोडक्यात भागतं. मिकसारख्या वाढ करवणाऱ्या जीनचा लांब आणि घड्यांचा, त्याला हेलिकेज भरपूर पाहिजे. म्हणजे हेलिकेज कमी-जास्त झालं की कोणतं प्रोटीन किती बनेल हेच बदलतं, म्हणून कॅन्सरवाले त्याच्यामागे लागलेत. अग्लाया नावाच्या झाडांपासून मिळणारं रोकाग्लामाइड गमतीशीर आहे, ते ईआयएफ४ए ला बंद पाडत नाही तर त्याची चिमूट प्युरीनच्या (ए आणि जी अक्षरांच्या) ओळीवर मिटलेलीच ठेवते, आणि मग ४०एस त्याच्यावरच येऊन अडतो. सोडवणाराच गाठ होऊन बसतो. त्याच जातीचं झोटाटिफिन माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेलंय.

राहिले तुमचे सर. २००८ मध्ये असं दिसलं की डेड-बॉक्स हेलिकेज छोटी जोडी, दहाएक बेस पेअरची, एकाच एटीपीत पूर्ण वेगळी करू शकतात. चिमूट एकदाच सोडायची ना, मग एटीपीही एकच. सरांचा हिशोब एकेक पाऊल टाकत सरकणाऱ्या हेलिकेजचा असेल, तिथे तो जवळपास जुळतो. वर्गात सगळ्यांसमोर नका सांगू, तास संपल्यावर सांगा.