कोर्टाने दिराला पालक नेमलं, म्हणजे माझा आईचा हक्क संपला का?

नाही ताई, संपला नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून कळलं ते असं: नवरा वारल्यावर तुमचं दुखणं लांबलं, त्या काळात १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली दिराला तुमच्या मुलाचा पालक नेमलं. आता मुलगा नऊ वर्षांचा आहे, तुम्ही बऱ्या आहात, आणि घरचे म्हणतात, "कोर्टाने मूल आम्हाला दिलं." मी म्हापशाला वकिली करतो. हे वाक्य माझ्या टेबलासमोर बऱ्याचदा ऐकू येतं, पण बोलणाऱ्याने आदेश वाचलेला क्वचितच असतो.

म्हणून आधी आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि शेवटचं पान नीट वाचा. नेमणूक मुलाच्या देखभालीपुरती आहे, त्याच्या मालमत्तेपुरती आहे की दोन्हींसाठी, ते तिथे असतं. आई हयात आणि सक्षम असेल तर देखभालीसाठी कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असं कलम १९ सांगतं. (आईचा उल्लेख त्यात आला २०१० साली. तोवर फक्त वडील!) म्हणजे तुमचा आजार हाच त्या आदेशाचा आधार असणार. तो आधार आता राहिला नाही, हे डॉक्टरांच्या दाखल्यासह त्याच कोर्टापुढे मांडून आदेश बदलून मागता येतो.

पण कोर्ट तुमचा हक्क तेवढा बघणार नाही, मुलाचं हित बघेल. तो कुठल्या शाळेत रुळलाय, तुमचं घर कसं आहे, कमाई काय, हे सगळं येईल. नऊ वर्षांच्या मुलाला कोर्ट स्वतः विचारूही शकतं. त्यामुळे अर्जाबरोबरच भेटीगाठींसाठी अंतरिम आदेश मागा, मुलाला तुमची सवय परत होऊ दे. शाळेच्या गेटवरून त्याला परस्पर घरी आणू नका. आदेश उभा आहे तोवर ताबा दिराचा, आणि असं काही केलंत की तुमचीच बाजू लंगडी पडते.

दत्तकाचं वेगळं. दत्तक आदेशाने जन्मदात्यांशी कायद्याचं नातं तुटतं आणि नव्या घराशी जुळतं. पालकत्वाने तसं काही होत नाही. मुलगा तुमचाच वारस राहतो, दिराचा मुलगा ठरत नाही, आणि तो अठरा वर्षांचा झाला की पालकत्व आपोआप संपतं. (पूर्वी कोर्टाने पालक नेमलेलं मूल एकविसाव्या वर्षी सज्ञान व्हायचं, ते १९९९ साली बदललं.) हे सांगायचं कारण म्हणजे नात्यातलं दत्तक द्यायला आईची संमती लागते. "फॉर्मॅलिटी आहे, सही कर" म्हणत कोणी कागद पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

जमिनीबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, पण मला खरी काळजी तिथली वाटते. तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर आपल्याकडच्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. त्यातली अर्धी तुमची स्वतःची, वारसाहक्काची नव्हे. दिराच्या पालकत्वाचा तिच्याशी काही संबंध नाही. उरलेल्या अर्ध्यात मुलाचा वाटा येतो, आणि तो विकायला किंवा गहाण टाकायलाही पालकाला कोर्टाची परवानगी लागते. तशी परवानगी नसताना केलेला व्यवहार कोर्टातून रद्द करून घेता येतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत) सध्या कोणाची नावं आहेत, ते या आठवड्यात बघून घ्या.

आता इंग्लंडचं. दीर मुलाला घेऊन तिकडे जायचं म्हणतात ना? कोर्टाने नेमलेल्या पालकाला मुलाला त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर हलवायला परवानगी घ्यावी लागते, कलम २६. तशी परवानगी घेतली आहे का, ते कोर्टात चौकशी करून बघा. नसेल तर मनाई मागणारा अर्ज सगळ्यात आधी टाका. मूल एकदा परदेशी गेलं की त्याला परत आणणं फार जिकिरीचं होतं.

फीची चिंता नको. कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा. जाताना आदेशाची कॉपी, लग्नाचा आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि डॉक्टरांचे कागद बरोबर न्या.