वगळलेला माणूस मदतीचा हात का आखडतो?

तुम्ही विचारलंय की वाड्यावरच्या एका गृहस्थांना दोन वर्षं चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, घुमट आरतीला (घुमट हे मातीचं तालवाद्य) कुणी बोलावलं नाही आणि एरवी पडेल ते काम करणारे ते आता कुणाच्याच मदतीला येत नाहीत. हा राग समजायचा का?

राग असेलही, पण बऱ्याचदा ती बधिरता असते. 2007 साली मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी, रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी यावर सात प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा खोटा निकाल सांगितला की पुढे तुम्ही एकटे पडाल. काहींना सांगितलं की तुम्हाला वारंवार अपघात होतील. बातमी दोन्हीकडे वाईटच. तरी हात आखडला तो एकटेपणाचं भाकीत ऐकलेल्यांनी. त्यांनी विद्यार्थी मदतनिधीला कमी पैसे दिले, समोर सांडलेल्या पेन्सिली उचलायला ते फारसे वाकले नाहीत. वाईट मूड हे त्याचं कारण निघालं नाही. दुसऱ्याचं दुःख आपलंसं वाटणंच कमी झालं होतं. म्हणून अशा माणसाला 'स्वार्थी झाला' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच वर्षीच्या जॉन मेनर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दुसरी बाजू दिसली. वगळलेली माणसं नव्या माणसांशी जुळवून घ्यायला उत्सुक असतात, पण ज्यांनी वगळलं त्यांच्याशी नाही. लोक काय म्हणतील याची फार धास्ती असलेले मात्र नव्यांपासूनही लांब राहतात.

तेव्हा बोलवायला जुन्या वादात नसलेला कुणीतरी जाऊ दे, आणि घरी जाऊन. व्हॉट्सॲप ग्रुपवर चारचौघांत माफी मागितली तर त्यांची आणखी कुचंबणा होईल. 'कधीही या' हे निमंत्रण नव्हेच. 'शुक्रवारी साडेसातला आरती, घुमटाच्या साथीचं शामेळ तुम्ही धरायचं' असं सांगा, आणि आरतीच्या फेरीत त्यांचं घर घ्या. वर्गणीचं पुस्तक त्या दिवशी सोबत नको. सगळं बिनसतं ते बहुधा इथेच, कारण बोलावणं पैशांसाठी होतं असा अर्थ निघतो. मदत मागायचीच तर आधी दोन-तीनदा नुसतं एकत्र बसणं होऊ दे, मग मखर बांधण्यासारखं तासाभराचं, दोघांनी मिळून करायचं काम सुचवा.

प्रयोगातलं वगळणं काही मिनिटांचं होतं, तुमच्याकडे दोन वर्षं गेलीत. पहिल्या बोलावण्याला ते नाही म्हणाले तर पुढच्या एकादशीच्या भजनाला पुन्हा जा.