पाळणाघरातल्या मुलांना जेवायला किती वाढायचं आणि खर्च कसा आवरायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घरातच पाळणाघर आहे, दीड ते पाच वर्षांची सहा मुलं आहेत, दुपारचं जेवण आणि दोन वेळचं खाणं फीमध्येच धरलेलं आहे. सामानाचं बिल दर महिन्याला चढतंय, रोज निम्मं उष्टं जातंय, आणि तरी दोघं-तिघं 'अजून' म्हणत ताट पुढे करतात. त्यांना नाही म्हणायचं का?

नाही म्हणू नका. मी अकरा वर्षं पाळणाघर चालवलं. त्यातली पहिली दोन मी नेमक्या याच ठिकाणी हात आखडता घेण्यात घालवली आणि बिल काही उतरलं नाही. पैसे दुसऱ्यांदा वाढण्यात जात नव्हते, पहिल्यांदा वाढण्यात जात होते.

हे कळलं एका साध्या गोष्टीमुळे. एक आठवडा मी सगळं उष्टं एका पातेल्यात काढलं, वजन केलं, आणि कोणाच्या ताटातून काय परत आलं ते भिंतीवरच्या कागदावर लिहिलं. सर्वात जास्त परत येत होतं सर्वात लहान दोघांच्या ताटातून, आणि त्याखालोखाल दूध, सगळ्यांचंच. म्हणजे मी दीड वर्षाच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाइतकं वाढत होते आणि वर 'जेवत नाही गं हा' म्हणून त्याच्या आईकडे तक्रार करत होते.

मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत वर्षाला जेमतेम दोन-तीन किलो वाढतं. त्यामुळे वर्षानंतर भूक मंदावते, आणि एकाच मुलाचीही ती आज एक, उद्या एक असते. मोठ्यांना हे पटत नाही. मापासाठी बालरोगतज्ज्ञ एक जुना आडाखा सांगतात: वयाच्या प्रत्येक वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 15 मिली. दोन वर्षांच्या मुलाला भाजी दोन चमचे, चार वर्षांच्याला चार. अमेरिकेच्या कृषी खात्याची पाळणाघरांसाठी जी योजना आहे, तिच्यातही जेवणातल्या भाजीचं किमान माप 1-2 वर्षांसाठी पाव कपाच्या निम्मं आणि 3-5 वर्षांसाठी पाव कप आहे. चमच्यांत मोजलं तर पुन्हा दोन आणि चारच. ताटात ते इतकंसं दिसतं की पहिल्या दिवशी मला लाज वाटली. पण हे माप पहिल्या वाढपाचं आहे, पोटाची हद्द नाही. त्यावर मागेल तितकं द्यायचं.

ताट भरून दिलं की सगळं खातील, हा हिशेब आणखी एका कारणाने फसतो. तीन वर्षांच्या आसपासचं मूल पोट भरलं की थांबतं, समोर कितीही असो. पाच वर्षांचं मात्र समोर जास्त असलं की जास्त खातं. एकच भरलेलं ताट लहानाकडे गेलं तर कचऱ्यात जातं आणि मोठ्याकडे गेलं तर त्याला भुकेपलीकडे खायला शिकवतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला आजवर सगळ्यात उपयोगी पडली: काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. 'पैसे पडलेत, संपव' हे वाक्य मी तेव्हापासून बंद केलं. संपवायला लावल्याने वाचत काहीच नाही, ते अन्न शिजून आधीच खर्ची पडलेलं असतं.

आता 'अजून'चं. भात, बटाटा, कडधान्य, भाजी पातेल्यात थोडी जास्तच ठेवा, हे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वाढायला परवडतं. मोजून येणाऱ्या वस्तू, म्हणजे अंडी आणि फळं, आधीच अर्धी किंवा फोडी करून ठेवा. पूर्ण अंडं अर्धं खाऊन परत आलं तर टाकावं लागतं, अर्धं मागून नेलं तर संपतं. एखादी गोष्ट खरंच संपली तर 'ते संपलं, हे आहे' एवढंच सांगायचं. मुलं ऐकतात. फक्त भाजी संपवल्याशिवाय भात नाही, अशी अट घालू नका. मी घालून पाहिली आहे, त्याने भाजी वैरी होते.

दुधासाठी 100 मिलीचे पेले घ्या. पाच वर्षांखालच्या मुलाने दिवसभरात अर्धा लिटरच्या फार वर जाऊ नये, कारण दुधानेच पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडतं. घरीही दूध होतंच, हे धरा. फळांचा रस मी पूर्ण बंद केला. महागही आणि नकोसाही. मध्ये तहान लागली की पाणी. दोन खाण्यांत दोन-अडीच तासांचं अंतर ठेवलं आणि मधलं चरणं थांबवलं की जेवणाचं उष्टं आपोआप घटतं.

हिशेबाकडे येते, आणि इथे तुमच्या पदरात खरं काही पडेल. महिन्याचं बिल बघून काही कळत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी घरात असलेलं सामान अधिक महिनाभराची खरेदी वजा शेवटी उरलेलं, हा झाला खर्च. त्याला ताटांच्या संख्येने भागा. सहा मुलं, 22 दिवस: 132 जेवणं. खाणं अर्धं ताट धरा, दिवसाला दोन, म्हणजे तीही 132. एकूण 264. जे मूल आलं नाही त्याची त्या दिवसाची दोन ताटं वजा. हा एका ताटाचा आकडा चढला तरच काळजी करायची. मुलांची संख्या वाढल्यामुळे नुसतं बिल चढलं असेल तर ती कमाई आहे.

पण त्याआधी घरचं आणि पाळणाघराचं सामान वेगळं करा. माझ्याकडे सगळ्यात मोठं भोक तिथे होतं! मुलांसाठी आणलेली फळं संध्याकाळी घरातले खात होते, पाहुण्यांच्या चहाचं दूध मुलांच्या नावावर पडत होतं. एक वेगळा कप्पा, वेगळे डबे, फ्रीजमध्ये एक ठरलेली फळी. घरच्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं.

विकत घेताना भाव वजनाचा बघू नका, ताटात पडतं त्याचा बघा. केळ्याच्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा साल असते, सफरचंदात मात्र टाकाऊ भाग बराच कमी. कोरडं कडधान्य शिजून वजनाने दुपटीहून थोडं जास्त होतं, तांदूळ मापाने जवळपास तिप्पट. तुमच्या सहा मुलांना दुसरं वाढप धरून अर्धा लिटर शिजलेला भात पुरावा, त्याला 170-180 मिली मापाचे तांदूळ लागतात. मी सुरुवातीला याच्या दुप्पट टाकत होते.

नवा पदार्थ मूल आपलंसं करायला आठ ते पंधरा वेळा समोर यावा लागतो. तो दर वेळी अर्धा चमचाच द्या, सोबत ओळखीचं काहीतरी ठेवून. पंधरा अर्धे चमचे वाया गेले तरी काही बिघडत नाही, पंधरा वाट्या गेल्या तर बिघडतं.

उरलेल्याचं: ताटातलं उष्टं ते उष्टंच, कोणालाही द्यायचं नाही. पातेल्यातलं, ज्याला मुलांचा चमचा लागलेला नाही, ते दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून 5 अंशांखाली फ्रीजमध्ये. भाताला तर अजिबात उशीर नको, शिजल्यावरही टिकून राहणारे जंतू त्यात बाहेर राहिला की वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. इतर पदार्थ एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करायचे.

वेळ वाचवायला म्हणून द्राक्षं अख्खी देऊ नका, उभी चिरून चार फोडी. अख्खे दाणे आणि लाह्या या वयाला नकोतच.

हे सगळं करूनही दोन महिन्यांनी ताटाचा आकडा तुमच्या फीत बसत नसेल, तर महिनाभर आधी सांगून फी वाढवा आणि पालकांना या हिशेबाचा कागद दाखवा. मी दाखवला तेव्हा एका आईने उलट विचारलं, की इतकी वर्षं मी कमी का घेत होते.